पास करा म्हणतात, पण पोरींना टीप मारता येत नाही, मी काय करू?

आधी पत्र देते, थोडं कमी करून आणि ओळख लपवून:

"मॅडम नमस्कार. मी सोलापूरचाच, वय ३१, अशोक चौकाकडे राहतो. आधी गारमेंटमध्ये लाइन सुपरवायझर होतो, दीड वर्षापासून एका असेसमेंट एजन्सीकडून असेसर म्हणजे परीक्षक म्हणून जातो, शिलाई मशीन ऑपरेटरच्या बॅचेस असतात. बॅचमागे पैसे मिळतात. मागच्या महिन्यात ३० जणींची बॅच होती, त्यातल्या ११ जणींना सरळ टीपसुद्धा मारता येत नव्हती, दोघींना तर बॉबिन भरता येईना. सेंटरवाला माझ्या मेहुण्याचा दोस्त. तो म्हणला सगळ्यांना पास कर बे, गोरगरिबाच्या पोरी आहेत, तुझं काय जातंय. मी केलं. पैसे घेतले नाहीत, खरं सांगतो. पण तेव्हापासून डोक्यातून जाईना. आता गड्ड्याच्या जत्रेनंतर त्याच सेंटरची पुढची बॅच मलाच दिलीय. फेल केलं तर एजन्सी परत बोलवणार नाही, घरात दोन लेकरं आहेत. काय करू? नाव छापू नका."

बाळा, तुला अरेतुरेच करते, माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा आहेस. मी २७ वर्षं आयटीआयला शिल्पनिदेशक होते, कटिंग अँड सुइंग ट्रेडला, त्यामुळं तू ज्या खोलीत उभा होतास ती खोली मला डोळ्यांसमोर दिसायलीय, एका भिंतीला मशीनी, पोरी घाबरलेल्या, बाहेर सेंटरवाला फोनवर, आणि तुझ्या हातात टॅब. पैसे घेतले नाहीत हे तू पत्रात दोनदा लिहिलंयस, मी एक काढून टाकलं. माझा विश्वास आहे तुझ्यावर. पण तेवढ्यानं तुला झोप लागेना ना, म्हणजे मुद्दा पैशाचा नव्हता हे तुलाच कळलंय.

आधी त्या वाक्याचं बघू, "तुझं काय जातंय". तुझं जात नाही, बरोबर आहे. जातं त्या उरलेल्या १९ जणींचं. तू लिहिलं नाहीस पण मला खात्री आहे की त्या १९ मध्ये तीन-चार तरी अशा असतील ज्या आधीपासून कुठल्यातरी शेडमध्ये युनिफॉर्म शिवतात, हात चालतो, एका दमात पॉकेट लावतात, फक्त कागद नाही म्हणून कोर्सला आल्या. त्यांना आणि बॉबिन न येणारीला तू एकच सर्टिफिकेट दिलंस. आता गारमेंटवाला काय करतो ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तू सुपरवायझर होतास. कागद बघतो का तो? पोरगी आली की तो पीस पुढं टाकतो, म्हणतो शिवून दाखव. तो कागद बाजूला ठेवतो कारण आधी तीन वेळा कागद बघून माणूस घेतला आणि बंडल खराब झालं. म्हणजे जिला खरंच येतं तिचा कागद आधीच्या खोट्या कागदांनी खाल्ला. आपल्या चादरीचं तेच झालंय बघ, जीआय टॅग आहे, नाव आहे, तरी बाहेरचा हलका माल सोलापुरी म्हणून स्वस्तात विकला जातो आणि मार बसतो तो इथं खरी चादर विणणाऱ्याला.

मी हे उपदेश म्हणून सांगत नाही, माझ्या हातून झालंय. खूप वर्षांपूर्वी, कुठल्या ठिकाणी ते सांगत नाही, एका मुलीच्या प्रॅक्टिकलच्या जॉबवर मी न बघता मार्क टाकले. घरची परिस्थिती वाईट होती, लग्न ठरत होतं, वरून साहेबांचा निरोप होता की रिझल्ट शंभर टक्के पाहिजे. चार वर्षांनी ती घरी आली. एका युनिफॉर्मवाल्याकडं कटिंगला लागली होती, कापायच्या कापडाचे थर म्हणजे लेयर लावताना उभा धागा आडवा धागा बघितला नाही आणि पँटचा सगळा लेयर वाया गेला. महिन्याचा पगार कापला आणि काढून टाकलं. मला रागावली नाही ती. एवढंच म्हणली, मॅडम तेव्हा तुम्ही सांगितलं असतं की मला हे येत नाही तर मी शिकले असते, मला वाटलं येतंय. मी तिला चहा केला आणि तिच्याकडं बघू शकले नाही. तुझ्या त्या ११ जणींना आत्ता असंच वाटायलंय, की आपल्याला येतंय, सरकारनं तसं लिहून दिलंय.

आता तुला हा प्रकार नीट समजून घ्यायला पाहिजे, म्हणजे सेंटरवाला तुझ्यावर का दबाव आणतो ते कळेल आणि तुला कुठं बोलायचं तेही कळेल. तो वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही. पीएमकेव्हीवाय, म्हणजे केंद्राच्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, २०१६ ते २०२० मध्ये, सेंटरचे पैसे तीन हप्त्यांत यायचे, ३० टक्के बॅच सुरू झाल्यावर, ५० टक्के पोरं सर्टिफाइड झाल्यावर आणि २० टक्के नोकरी लागल्याची खात्री झाल्यावर. बघ आता, जागेचं भाडं, ट्रेनरचा पगार, मशीनींचा हप्ता, सगळं त्यानं घालून बसलेलं आणि अर्धी रक्कम असेसरच्या टॅबवर अडकलेली. शिकवलं किती यापेक्षा पास किती झाले यावर पैसे बांधले की पास करण्याचा दबाव येणारच, त्याला कुणाचा स्वभाव लागत नाही. हे ज्यांनी ठरवलं त्यांचा हेतू चांगला होता, आधी नुसती हजेरी दाखवून पैसे उचलायचे म्हणून त्यांनी निकालावर बांधले. पण मग निकाल लावणारा माणूस तेवढा मोकळा पाहिजे होता, आणि तो मोकळा नाही, त्याला पुढची बॅच पाहिजे असते. २०१६ सालीच नेमलेल्या शारदा प्रसाद समितीनं सेक्टर स्किल कौन्सिलांच्या, म्हणजे एकेका उद्योगासाठी कौशल्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थांच्या, कामाचा आढावा घेतला तेव्हा हितसंबंधांच्या याच गुंत्यावर बोट ठेवलं होतं.

या यंत्रणेत बदल झाले नाहीत असं नाही, आधीही झाले, नंतरही झाले, आणि ते तुला माहीत असायला पाहिजेत कारण तू त्याच यंत्रणेचा शेवटचा माणूस आहेस. २७ डिसेंबर २०१३ ला एनएसक्यूएफ, म्हणजे राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आला, म्हणजे देशातल्या सगळ्या कौशल्यांच्या कोर्सेसना पायऱ्या ठरवल्या, कुठल्या लेव्हलच्या माणसाला काय यायला पाहिजे ते लिहिलं. तू ज्या क्यूपीवरून, म्हणजे त्या कामाच्या निकषांच्या कागदावरून मार्क देतोस, त्यातले एनओएस म्हणजे एकेका कामाचे निकष, प्रत्येकाखाली थिअरी किती प्रॅक्टिकल किती व्हायवा किती, हे सगळं त्या पायऱ्यांना जोडलेलं आहे. मग आयटीआयच्या परीक्षांचं १९५६ पासूनचं एनसीव्हीटी आणि नंतरची राष्ट्रीय कौशल्य विकास संस्था एनएसडीए यांची नियमनाची कामं एकत्र करून ५ डिसेंबर २०१८ ला एनसीव्हीईटी, म्हणजे व्यवसाय शिक्षणाची राष्ट्रीय नियामक परिषद, अधिसूचित झालं आणि १ ऑगस्ट २०२० पासून त्याचं काम सुरू झालं. सर्टिफिकेट देणारी संस्था म्हणजे अवॉर्डिंग बॉडी आणि परीक्षा घेणारी एजन्सी, दोघांना आता तिथून मान्यता लागते आणि ती मान्यता काढूनही घेता येते. तुझ्या एजन्सीला त्याची भीती असते, हे लक्षात ठेव, पुढं उपयोगाला येईल.

आणि एप्रिल २०२३ ला राष्ट्रीय क्रेडिट आराखडा आला, एनसीआरएफ. याच्याबद्दल मला जास्त बोलायचंय कारण तुझ्या त्या ३० मार्कशीटांचं वजन यानं बदललं. ३० तासांचं शिकणं म्हणजे एक क्रेडिट, वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० क्रेडिट, आणि हे शाळेला, कॉलेजला, आयटीआयला, शॉर्ट टर्म कोर्सला सगळ्यांना एकाच मापात. दहावी लेव्हल ३, बारावी लेव्हल ४, पदवीचं पहिलं वर्ष साडेचार अशी शिडी. आपल्यासारख्या गावात याचा केवढा उपयोग आहे विचार कर, आई विडी वळते, बाप लूमवर, पोरगी दहावीनंतर गारमेंटला गेली, आणि ३०० तासांचा कोर्स केला तर तिच्या खात्यात १० क्रेडिट जमा, उद्या तिला पुढं शिकायचं झालं तर ते वाया जात नाहीत. आयुष्यभर मी हेच मागत होते, की हातानं शिकलेल्याला शिकलेलं म्हणा. पण याच आराखड्यात अट आहे की असेसमेंट झाल्याशिवाय क्रेडिट नाही. नुसते तास भरून चालत नाहीत. म्हणजे सगळी शिडी टेकलीय कशावर, तर तुझ्या त्या खोलीतल्या अर्ध्या दिवसावर. पूर्वी खोटं सर्टिफिकेट पेटीत पडून राहायचं, आता ते क्रेडिट होऊन कॉलेजात जाईल, तिथला मास्तर म्हणेल ही पोरगी एवढं शिकून आलीय, आणि पुढचं शिकवायला लागेल.

माझी तक्रार आहे ती इथं आहे. सुधारणा म्हणलं की पोर्टल येतं. आधार हजेरी, फोटो जिओटॅग करा, डिजिलॉकर, क्यूआर कोड. यातलं काहीच वाईट नाही, क्यूआर स्कॅन केला की कागद खरा का खोटा ते कळतं आणि झेरॉक्सवाल्याकडं बनवलेली सर्टिफिकेटं बंद होतात. पण तो क्यूआर एवढंच सांगतो की हा कागद त्या संस्थेनंच दिलाय, पोरीला टीप मारता येते का ते सांगत नाही. ते सांगायला कुणीतरी तिचा पीस हातात घेऊन उलटा करून बघायला पाहिजे. माझं म्हणणं फार मोठं नाही, दर बॅचमधले दहातले एक-दोन पीस दुसऱ्या असेसरकडं पाठवा, नाव झाकून, त्यानं स्वतंत्र मार्क द्यावेत, आणि दोघांचे मार्क फार लांब गेले तर ती बॅच परत तपासा. बारावीचे पेपर मॉडरेटरकडं जातात की, तसंच. ब्रिटनमध्ये त्यांच्या व्यवसाय शिक्षणात हे जुनं आहे, सेंटरमधला तपासनीस वेगळा, बाहेरून येऊन नमुना तपासणारा वेगळा. उलट दक्षिण आफ्रिकेनं १९९५ ला कायदा करून असाच पात्रतांचा मोठा आराखडा उभा केला, हजारो युनिट स्टँडर्ड म्हणजे एकेका कामाचे निकष लिहून काढली, त्यातली कितीतरी कुणी वापरलीच नाहीत, शेवटी २००८ ला नवा कायदा करून शालेय शिक्षण, उच्च शिक्षण आणि धंदेशिक्षण यांच्या दर्जाची जबाबदारी तीन वेगळ्या परिषदांकडं दिली. कागदावर लेव्हल लिहिणं सोपं काम आहे, ते आपणही छान केलंय.

आणि हे फक्त तुमच्या शॉर्ट टर्म कोर्सचं दुखणं आहे असं समजून कमीपणा घेऊ नको. फेब्रुवारी २०२५ ला सीबीआयनं कॉलेज-विद्यापीठांना ग्रेड देणाऱ्या नॅकच्या तपासणी समितीतल्या लोकांना चांगल्या ग्रेडसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक केली होती, पेपरात आलं होतं सगळं. तिथं प्रोफेसर होते. जागा मोठी, खोली तीच.

बरं, आता तुझं. पुढची बॅच तू घेऊ नकोस. सेंटरवाला मेहुण्याचा दोस्त आहे हे कारण पुरेसं आहे आणि ते खरं आहे. एजन्सीला ईमेल कर, फोन नको, की या सेंटरच्या मालकाशी माझे घरगुती संबंध आहेत त्यामुळं या बॅचला दुसरा असेसर द्यावा. दोन ओळी. यात तू कुणावर आरोप करत नाहीस, नियमाप्रमाणं वागतोयस, आणि या कारणावरून तुला काढणं एजन्सीलाही अवघड जाईल, उलट पुढं काही निघालं तर तुझी ईमेल त्यांना वाचवेल हे त्यांना कळतं. मेहुण्यालाही आधीच सांग, बायकोसमोर सांग, म्हणजे नंतर जेवणाच्या ताटावर विषय निघणार नाही.

बाकीच्या सेंटरांना जाशील तिथं काही सवयी लावून घे. पोचलास की आधी मशीनी चालव, सगळ्या, एकेक टीप मारून बघ. टेन्शन बिघडलेल्या मशीनवर बसवून पोरीला फेल करणं हाही अन्यायच आहे. कापड आणि दोरा एकसारखा सगळ्यांना. पीसवर नंबर लिही, नाव नको. इंचाला टाके मोज, मार्जिन पट्टीनं बघ, सुरुवातीला शेवटी लॉक केलंय का, चुण्या पडल्यात का, मग मार्क. डोळ्यांनी अंदाजे टाकू नको, तू अनुभवी आहेस म्हणून तर अजिबात नको, अनुभवी माणूस पोरीच्या चेहऱ्याकडं बघून मार्क देतो, मीच दिलेत. आणि प्रत्येक पीसचा उलटा-सुलटा फोटो. उद्या कुणी म्हणलं की मुद्दाम फेल केलं, तर फोटो पुढं कर.

जिला येत नाही तिला फेल कर, पण फेल लिहून टॅब बंद करून निघून येऊ नको. तिला दोन मिनिटं दे. सांग की तुझी सरळ टीप बरी आहे, वळणावर फूट उचलत नाहीस म्हणून कॉलर बिघडते, महिनाभर कर, होईल. परत असेसमेंटची तरतूद असते हे सेंटरवाले सांगत नाहीत, तू सांग. गरिबाची पोरगी म्हणून पास करण्यापेक्षा हे तिच्या जास्त कामाचं आहे. त्या सेंटरवाल्याला खरंच पोरींची कळकळ असेल तर पंधरा दिवस जास्तीची प्रॅक्टिस ठेवायला कुणी अडवलंय त्याला, मशीनी तिथंच आहेत.

पाकीट पुढं आलं, कुठंही, तर घ्यायचं नाही हे तुला सांगायची गरज नाही, पण गप्पही बसू नको. त्याच दिवशी एजन्सीला लेखी. त्यांनी काही केलं नाही तर अवॉर्डिंग बॉडीला, तिथंही नाही तर एनसीव्हीईटीला किंवा सीपीग्राम्स या केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर, तिथं तक्रारीचा नंबर मिळतो आणि उत्तर द्यावं लागतं. एकदम वरून सुरू करू नको, पायरीनं जा, प्रत्येक ठिकाणची पोच ठेव.

घरातल्या दोन लेकरांचं मी विसरले नाही. प्रामाणिक असेसरला एजन्सी कमी बॅच देते, असं होतं, मी नाही म्हणणार नाही. म्हणून एकाच एजन्सीवर राहू नको, तुझं असेसरचं ट्रेनिंग आणि सर्टिफिकेट आहे, दुसऱ्या एजन्सींकडं नाव दे. आणि गारमेंटमध्ये तुझी ओळख आहे, तिथं अर्धवेळ काहीतरी चालू ठेव, अक्कलकोट रोडकडच्या शेडमध्ये क्वालिटी चेकरची गरज पडतच असते. ज्याचं घर पूर्ण बॅचवर चालतं त्याला नाही म्हणणं फार जड जातं, हे तुझ्या स्वभावावर सोडू नको, आधीच सोय कर.

आता राहिली झालेली बॅच, आणि हे मी शेवटी ठेवलं कारण हे सगळ्यात अवघड आहे. माझं मत विचारशील तर एजन्सीला लिहून दे की त्या दिवशीचं माझं मूल्यांकन बरोबर नव्हतं, ११ जणींचं परत तपासावं. यात तुझं काम जाऊ शकतं, हे मी झाकून सांगत नाही. सर्टिफिकेटं परत घेतली तर त्या ११ जणी आणि त्यांच्या घरचे तुझ्यावर चिडतील तेही खरं. दोन दिवस विचार कर, बायकोशी बोल. पण मी ते पत्र तेव्हा लिहिलं नव्हतं, माझ्या हातून तर एकाच विद्यार्थिनीचं तसं झालं होतं, आणि आज ६४ व्या वर्षीही कुणाचा वाया गेलेला लेयर बघितला की मला तिचं तोंड दिसतं. तुझं अजून महिनाभरापूर्वीचं आहे, अजून त्या पोरींनी कुणाचं बंडल खराब केलेलं नाही.

ते पत्र लिहायचा धीर व्हायला वेळ लागला तरी एक गोष्ट या रविवारीच करता येईल. माझ्या घरी दोन मशीनी आहेत, एक जुनी पायाची आणि एक मोटरची, दोन्ही चालू आहेत. त्या ११ पैकी ज्या येतील त्यांना निरोप दे, दुपारी तीनला, जेवून या म्हणावं, फी नाही. खरं कारण सांग, की परीक्षेत मी नीट बघितलं नव्हतं, तुमची टीप कच्ची आहे, मॅडम शिकवतील. पहिल्या दिवशी नुसती सरळ टीप आणि बॉबिन, दुसरं काही नाही. कापडाची कात्रणं तू गारमेंटमधून आण, पांढरी आण, त्यावर टाके नीट दिसतात. पत्ता सदराच्या लोकांकडून घे, मी सांगून ठेवलंय.